चित्रपटांविना दिग्दर्शक : बाबूराव पेंटर

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा व्ही. शांताराम यांचे गुरू म्हणून. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि 'प्रभात'चा उदय झाला. पुढचा इतिहास शिष्यांचा झाला व गुरू प्रस्तावनेपुरते उरले. हे मूल्यमापन अपुरे आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा, कोल्हापूरचा. चुलतबंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी स्वदेशी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यावर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी तो पुरा केला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' (१९२०) चित्रित झाला. त्यातील कीचकवध इतका जिवंत वठला, की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेले देखावे, चित्रीकरणापूर्वी काढलेली वेशभूषेची व प्रसंगांची रेखाटने, 'सिंहगड'मधील (१९२३) कृत्रिम प्रकाशातील रात्रदृश्ये हे सारे चित्रकाराच्या नजरेतून आले.

मात्र त्यांचे खरे मोठेपण 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) शोधावे लागते. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांची होती. पडद्यावर देवादिकांचे चमत्कार पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाने हा चित्रपट फारसा उचलून धरला नाही. तरीही १९३६ साली बाबूरावांनी तीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पडलेल्या विषयाकडे परत जाणारे दिग्दर्शक तेव्हाही विरळाच होते.

अडचण अशी, की मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. बाबूराव १९५४ मध्येच निवर्तले होते व त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक तोवर नामशेष झाले होते. त्यामुळे त्यांच्याविषयीचे मत समकालीनांच्या आठवणी, छायाचित्रे आणि जाहिरातींवर बेतावे लागते. आणि आठवणी लिहिणारे बरेचसे त्यांचे शिष्यच होते. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ १९५० च्या दशकापासून मोजणाऱ्यांनी निदान ही रिकामी जागा तरी नोंदवायला हवी.