बोटांच्या लांबीवरून माणूस कळतो का?

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होती. जवळ जाऊन पाहिलं तर मुलं पंजे बाकावर ठेवून एकमेकांची बोटं मोजत होती. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. अनामिका तर्जनीपेक्षा लांब असेल तर माणूस धाडसी आणि मर्दानी, उलट असेल तर बायकी, असं त्यात सांगितलं होतं. मुलगे हौसेने पंजे दाखवत होते. एक मुलगी मात्र हात ओढणीखाली घेऊन बसली होती. तास संपल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, माझं हे बोट लांब आहे. भाईजान म्हणतात, तुझा हात मुलग्याचा आहे. खरं असतं का हे?"

मी भाषेचा शिक्षक. या बोटांविषयी मला एवढंच माहीत होतं की मराठीत तर्जनी म्हणजे दटावणारं बोट, उर्दूत तेच शहादतचं म्हणजे साक्ष देणारं बोट, आणि अनामिका म्हणजे ज्याला नावच नाही असं बोट. "सगळं खोटं आहे" असं सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण वाचायला बसलो तेव्हा कळलं की तेही पूर्ण खरं नाही. या मोजमापाला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात खरं संशोधनही आहे.

आधी मोजमाप समजून घेऊ. तळहाताच्या बाजूने, बोटाच्या मुळाशी जी घडी असते तिथपासून टोकापर्यंत लांबी घ्यायची. तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागायचं. तर्जनी ६८ मिलिमीटर आणि अनामिका ७० असेल तर उत्तर ०.९७ येतं. पुरुषांमध्ये हा आकडा सरासरीने थोडा कमी असतो, स्त्रियांमध्ये थोडा जास्त.

हा फरक १८७५ साली अलेक्झांडर एकर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने नोंदवला. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रँक बेकर यांनी माणसाच्या हातावर लिहिलं. तो काळच मोजमापांचा होता. युरोपातले विद्वान कवट्या, नाकं, हात मोजत होते; माणूस वानरापासून किती दूर आणि कोणता वंश कोणाच्या वर, हे त्यातून ठरवू पाहत होते. बोटांतल्या फरकाचं कारण मात्र तेव्हा कुणाला सांगता आलं नाही आणि विषय बराच काळ मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला १९९८ साली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे जॉन मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचार मांडला. गर्भातल्या पहिल्या काही महिन्यांतच बोटांची घडण होते आणि त्याच काळात मुलग्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. हातपायांची बोटं आणि जननेंद्रियं या दोन्हींच्या घडणीत ‘हॉक्स’ नावाच्या जनुकांचा वाटा असतो. मग जन्माआधी बाळाला हे संप्रेरक किती मिळालं याची खूण बोटांत उरत असेल का? आईच्या पोटातल्या बाळाचं संप्रेरक मोजणं अवघड. बोटं मोजायला फूटपट्टी पुरते. संशोधकांना हे आवडणं साहजिक होतं.

त्यानंतर जणू लाट आली. २००० साली कॅलिफोर्नियातल्या मार्क ब्रीडलव्ह आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या जत्रांमध्ये ७२० प्रौढांचे हात तपासून बोटं आणि लैंगिक कल यांचा संबंध मांडला. बीबीसीच्या इंटरनेट पाहणीत दोन लाखांहून जास्त लोकांनी घरबसल्या स्वतःची बोटं मोजून आकडे पाठवले. २००९ मध्ये लंडनच्या वित्तबाजारातल्या दलालांचा नफा आणि त्यांची बोटं यांचा मेळ घातला गेला. खेळ, आजार, स्वभाव, गणित – बोटांशी जोडायचं काही बाकी राहिलं नाही.

मूळ कल्पना पोकळ नव्हती. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या झेंगुई झेंग आणि मार्टिन कोन यांनी उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग केला. गर्भावस्थेत संप्रेरकांचा परिणाम रोखला किंवा वाढवला तर बोटांचं गुणोत्तर बदलतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे संप्रेरकांचा बोटांवर परिणाम होऊ शकतो.

पण परिणाम होणं वेगळं आणि बोटावरून माणूस वाचता येणं वेगळं. इथे मला सर्वांत पटला तो २००९ सालचा एक अभ्यास. काही स्त्रिया अशा असतात की त्यांची गुणसूत्रं एक्स-वाय असतात, पण त्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉनला जन्मापासून अजिबात प्रतिसाद देत नाही. त्यांचं बोटांचं गुणोत्तर सरासरीने स्त्रियांसारखंच निघालं. इथवर मॅनिंग यांच्या विचाराला पुष्टीच मिळाली. मात्र या स्त्रियांच्या आपापसातल्या बोटांत इतर स्त्रियांएवढीच विविधता होती. ज्यांच्यावर या संप्रेरकाचा परिणामच होत नाही, त्यांच्यातही कुणाची अनामिका लांब, कुणाची आखूड. मग एखाद्या मुलीची अनामिका लांब दिसली तर ती त्या संप्रेरकामुळेच, असं कसं म्हणणार? शिवाय स्वतः मॅनिंग यांनाच आढळलं होतं की एका देशातले लोक आणि दुसऱ्या देशातले लोक यांच्यातला फरक स्त्री-पुरुषांतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. इंग्रज विद्वान फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिलं. ठशांवरून वंश, बुद्धी, स्वभाव कळेल अशी त्यांना मोठी आशा होती. त्यांनी निरनिराळ्या लोकांचे ठसे ताडून पाहिले आणि ती आशा फोल ठरल्याचं प्रामाणिकपणे कबूल केलं. पुढे कोलकात्यात, १८९७ च्या सुमारास, पोलीस खात्यातले काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसवली. हक यांच्या गणिताने दहा बोटांच्या ठशांचे १,०२४ कप्पे केले. हजारो कागदांतून हवा तो कागद काढणं त्यामुळे शक्य झालं. जगभर ही पद्धत एडवर्ड हेन्री या त्यांच्या साहेबाच्या नावाने ओळखली गेली. ठसा माणूस कोण आहे हे सांगतो. तो कसा आहे हे सांगत नाही. हे काम त्याने उत्तम केलं, कारण त्याच्याकडून तेवढंच मागितलं गेलं.

त्याच राजवटीत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला होता. जन्म पाहूनच माणूस चोर ठरवणारा हा कायदा पुढे वाढत गेला आणि आपल्याकडच्या पारध्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला. स्वभाव जन्मातच ठरलेला असतो, असं एकदा मानलं की पुढची चौकशीच संपते. म्हणून बोटांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात फूटपट्ट्या आणायला सांगितल्या. एकाच मुलाचा हात तिघांनी मोजला. एकाला तर्जनी ६३ मिलिमीटर वाटली, दुसऱ्याला ६४. अनामिका तिघांनाही ६५. पहिलं उत्तर ०.९७, दुसरं ०.९८५. फळ्यावर मी लिहिलं : मॅनिंग यांच्या पाहणीत पुरुषांची सरासरी सुमारे ०.९८, स्त्रियांची सुमारे १. म्हणजे फरक ०.०२. आणि आपली फूटपट्टी एका मिलिमीटरने चुकली तर फरक ०.०१५! वर्ग हसला. मग सगळ्यांचे आकडे नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर घेतले आणि क्रमाने लावले. कोणती चिठ्ठी मुलाची, कोणती मुलीची, हे ओळखायला सांगितलं. कुणालाच नीट जमलं नाही.

मुलांना मी एवढंच सांगितलं की सरासरी ही हजार लोकांची असते, ती कुणा एकाच्या हातावर लिहिलेली नसते. दहावीचा सरासरी निकाल पाहून तुमचे गुण सांगता येतील का? नाही ना? मग बोटं पाहून तुमचा स्वभाव कसा सांगणार?

ओढणीखाली हात लपवणारी मुलगी त्या दिवशी शेवटपर्यंत काही बोलली नाही. दोन दिवसांनी वही तपासून घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, मी घरी भाईजानचा हात मोजला. माझा आकडा ०.९६ आणि त्यांचा १.०१."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, फूटपट्टी खराब आहे."