फ्रांचेस्का काचीनी : एका गायकाची कन्या

थोर कलावंताच्या पोटीं जन्म येणें हें भाग्य खरें. पण त्या भाग्याबरोबर एक ऋणही येतें. कितीही परिश्रम केले तरी लोक 'अमक्याचें अपत्य' म्हणूनच ओळखतात. या ऋणांतून स्वतःच्या लेखणीनें मुक्त झालेल्या एका इटालियन गायिकेची हकीकत आज सांगावयाची आहे.

फ्रांचेस्का काचीनी हिचा जन्म १५८७ सालीं फ्लॉरेन्स शहरीं झाला. पिता ज्यूलिओ हा तेथील मेदिची राजघराण्याचा नामांकित गायक. अनेक आवाजांच्या गुंतागुंतींत काव्याचे शब्द बुडूं नयेत, एकाच गळ्यानें ते अर्थासह गावेत व वाद्यानें मागें राहून साथ करावी, या नव्या पद्धतीचा तो पुरस्कर्ता होता. मुलीनें विद्या घेतली ती घरींच. १६०४-०५ मध्यें हें कुटुंब फ्रान्सला गेलें असतां राजा चौथा हेन्री तिच्या गायनानें मोहित झाला व तिला दरबारीं ठेवूं इच्छूं लागला. परंतु फ्लॉरेन्सहून संमति मिळाली नाहीं.

१६०७ सालीं ती मेदिचींच्या नोकरींत रुजू झाली. गाणें, शिकविणें, उत्सवांसाठीं चाली बांधणें हीं तिचीं कामें. कवनेंही ती करी. १६१८ सालीं तिनें आपल्या ३६ गीतांचा संग्रह छापविला. त्यांत भक्तिगीतेंही आहेत, प्रेमगीतेंही. कोणता अलंकार कोठें घ्यावयाचा हें तिनें स्वरलिपींत इतक्या काळजीनें नोंदलें आहे कीं, समोर शिष्य बसला आहे असेंच वाटावें. आम्हां शिक्षकांना तें विशेष भावतें.

३ फेब्रुवारी १६२५ रोजीं पोलंडच्या राजपुत्राच्या स्वागतार्थ तिचें 'रुजिएरोची मुक्तता' हें संगीतनाट्य झालें. आल्चिना नामक मायाविनीच्या पाशांतून एका वीराची सुटका, हें त्याचें कथानक. स्त्रीनें रचलेलें व आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें ऑपेरा म्हणून तें मानलें जातें. तें त्याच वर्षीं छापलेंही गेलें.

पुढें दैव फिरलें. १६२६ सालीं पति वारला. पुनर्विवाह झाला, पण १६३० सालीं दुसरें वैधव्य आलें. ती पुन्हां मेदिचींच्या सेवेंत परतली. आपल्या मुलीनें रंगमंचावर गावें अशी दरबाराची इच्छा झाली, तेव्हां मात्र तिनें नकार दिला. मुलीच्या प्रतिष्ठेला व भवितव्याला त्यानें बाध येईल, ही तिची भीति. स्वतः जन्मभर ज्या कलेवर मान मिळविला, त्या कलेची किंमत स्त्रीला काय द्यावी लागते हें तिच्याइतकें कोणास ठाऊक असणार? १६४१ सालीं तिनें ती नोकरी सोडली.

दरबारासाठीं तिनें रचलेलें बहुतेक संगीत आज नष्ट झालें आहे. त्या काळीं ध्वनिमुद्रण नव्हतें. गळ्याबरोबर गाणेंही जाई. ती आज अभ्यासकांना भेटते ती मुख्यतः छापलेल्या त्या दोन ग्रंथांमुळें. दोन्हींवर कर्ती म्हणून नांव तिचें आहे, पित्याचें नव्हे.