कसबाच्या बदल्यात मुक्काम : नांदेड-लातूरच्या फिरस्त्यांचा इतिहास

गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील खेड्यांची, म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील गावगाड्याची व्यवस्था सांगताना बारा बलुतेदारांचा उल्लेख सर्वत्र येतो. परंतु ज्यांना गावात वतन नव्हते, खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा नव्हता आणि तरीही ज्यांच्या हातांवाचून गावाचे अडत असे, त्या फिरस्त्यांचा हिशेब क्वचितच मांडला गेला आहे. बलुते म्हणजे सुतार, लोहार, कुंभार यांसारख्या गावकामगारांना सुगीच्या वेळी हक्काने मिळणारा धान्याचा हिस्सा. तो वंशपरंपरेने चालत असे आणि त्यासाठी भांडता येत असे. फिरस्त्याचा व्यवहार याहून निराळा होता. तो वर्षाकाठी एकदा येई, पाटलाला वर्दी देई, काही दिवस काम करी, आणि त्या कामाच्या मोबदल्यात त्याला पाल ठोकण्यापुरती जागा, विहिरीचे पाणी, जनावरांना कडबा आणि घराघरांतून शिधा, म्हणजे न शिजवलेले धान्य, मिळत असे. रोख पैसा या देवघेवीत फारसा येत नसे. निवारा हा मजुरीचाच एक भाग होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या प्रथेचा अर्थ लागत नाही.

घिसाडी समाजाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. गावचा लोहार वतनदार असला तरी पेरणीच्या तोंडावर सगळ्या गावाची अवजारे एकाच वेळी कामाला लागत आणि एकट्या लोहाराचा हात पुरा पडत नसे. नेमक्या त्याच सुमारास घिसाड्याचे बिऱ्हाड येऊन गावाबाहेरच्या झाडाखाली उतरे, जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवली जाई आणि भात्याच्या फुंकरीवर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कुळवाच्या फासा यांना नवे पाणी दिले जाई. ऐरणीवरचा तापलेला तुकडा पुरुष सांडशीने फिरवीत असे आणि समोर उभी राहून घण घालण्याचे काम त्याची बायको करीत असे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणे हे या कसबातील सर्वांत नाजूक काम. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवायचा लोखंडी पाटा. तो चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवावा लागतो, गोवऱ्यांच्या गोल आगीत लालबुंद होईपर्यंत तापवला की तो प्रसरण पावतो, त्याच क्षणी चाकावर ठोकून बसवून वरून पाणी ओतले की आवळतो आणि चाकाचे सर्व आरे, पाटे आपसांत घट्ट जखडून टाकतो. अंदाज थोडा चुकला तर धाव सैल राहते किंवा चाक मोडते. इतके कौशल्य पाहूनही त्या कुटुंबाला रात्र काढायला मिळे ती मात्र गावकुसाबाहेरची उघडी जागा.

ही जागा योगायोगाने ठरत नव्हती. फिरस्त्याने कोठे उतरावे हे गावाने त्याच्या कसबाची आणि जातीची जी प्रत लावली होती, तिच्यावर अवलंबून असे. माहूरच्या रेणुकेचा किंवा तुळजापूरच्या भवानीचा गोंधळी घरात येत असे, कारण त्याचे काम हे कुळाचारातील विधी होते. लग्नानंतर यजमानाच्या अंगणात चौक भरून, कलश मांडून, दिवटी पेटवून तो संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने आख्यान लावी, आणि गोंधळ पहाटेपर्यंत चालत असल्यामुळे त्याचा मुक्काम यजमानाच्या ओसरीवर पडणे ओघानेच येई. रेणुराई आणि कदमराई हे गोंधळ्यांचे दोन मुख्य भेद अनुक्रमे या दोन देवींच्या उपासनेवरून ओळखले जातात. कीर्तनकाराचा मान त्याहून वरचा. हरिनाम सप्ताहात बुवांचा मुक्काम एका घरी, तर टाळकऱ्यांच्या पंगती निरनिराळ्या घरी ठरत, आणि कीर्तनाचे मोल घेऊ नये हा वारकरी दंडक असल्याने भोजन व निवारा हेच त्या सेवेचे दृश्य उत्तर होते. औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनाची परंपरा आणि नांदेडला दीर्घकाळ राहिलेल्या दासगणू महाराजांची कीर्तने या भागात रुजली, ती याच पाहुणचाराच्या आधाराने. उलट टोकाला स्मशानाशी जोडलेल्या कामावर जगणारा मसणजोगी होता. त्याला स्मशानाच्या बाजूलाच राहावे लागे. नांदेडची देगलूर-बिलोलीकडील सीमा तेलंगणाला भिडलेली असल्याने वडार, वैदू, मसणजोगी असे तेलुगू बोलणारे समाज इकडच्या गावांतून सहज वावरत. वडाराने जात्याला टाकी लावली नाही तर पीठ जाडेभरडे पडे, तरी त्याची बोली गावाला परकीच वाटत राहिली.

नांदेडमध्येच या व्यवहाराच्या अगदी विरुद्ध तत्त्वावर उभी असलेली दुसरी परंपराही आहे. गुरू गोविंदसिंह यांचे देहावसान १७०८ मध्ये येथे झाले, आणि पुढे महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयाने १८३०च्या दशकात सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तेथील लंगरमध्ये बसणाऱ्याला त्याचे कसब विचारले जात नाही, जातही विचारली जात नाही. पोळ्या लाटणे, भांडी घासणे ही सेवा यात्रेकरू स्वेच्छेने करतो, पण ती जेवणाची किंवा निवाऱ्याची अट नसते. गावकुसाबाहेर पाल ठोकणाऱ्या फिरस्त्याला हा न्याय कधी लागू झाला नाही, हे त्याच जिल्ह्याच्या इतिहासातील मोठे अंतर आहे.

वर्षभर विखुरलेले हे फिरस्ते समाज एकत्र येत ते लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार होई, तमाशाचे फड लागत आणि वैदू, घिसाडी, गोंधळी, मसणजोगी यांच्या जातपंचायती बसून सोयरिकी आणि तंटे यांचा निकाल लावीत. ज्यांना बारा महिन्यांत स्वतःचे असे एकही अंगण नव्हते, त्यांच्यासाठी माळेगावचा माळ हेच वर्षातून काही दिवसांचे गाव होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात फिरस्त्यांचा विस्ताराने विचार केला आहे आणि कुणब्यावर पडणारा भार म्हणून त्यांच्याकडे पाहिले आहे. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याची ओढाताण लक्षात घेतली तर आत्रे यांची तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु धाव चढवणारा आणि नुसता हात पसरणारा यांना एकाच मापाने मोजण्याची चूक या दृष्टिकोनात राहून जाते. कायद्यानेही तीच चूक केली, आणि अधिक कठोरपणे. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि हा भाग ज्यात मोडत होता त्या निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीची हजेरी व देखरेख लागू झाली. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात अशा शिक्क्याखालचे जगणे मांडले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी मुंबई राज्याने भीकप्रतिबंधक कायदा केला, आणि त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे हीसुद्धा भीकच, अशी व्याख्या घातली.

दरम्यान रबरी टायरच्या गाड्या आल्या, पिठाच्या गिरण्या आल्या, तयार अवजारे आठवडी बाजारात मिळू लागली आणि कसबाची गरज संपताच मुक्कामाची जागाही गेली. ज्या गायरानात पूर्वी पाल पडे, तेथे आता उतरणाऱ्याकडे ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या शेकडो गावांत राहिलेल्या माणसाजवळ एकाही गावचा रहिवासी दाखला नसणे, हे त्या जुन्या व्यवहाराचे अजून न फिटलेले देणे आहे आणि ते फेडण्याची जबाबदारी ज्या गावांनी त्याच्या कसबावर शेती केली, त्या गावांच्या ग्रामसभांवरही येते.