पडद्यामागची मूळ चित्रे : बंगळुरूचा चर्मबाहुल्यांचा संग्रह आणि मराठी

सॅन फ्रान्सिस्को येथील कुर्व्हॉझिए गॅलरीने १९३८ मध्ये डिस्नेच्या चलच्चित्रांसाठी रंगविलेली मूळ सेल्युलॉइड चित्रे विकावयास आरंभ केला. काम संपले की फेकून द्यावयाची वा धुऊन पुन्हा वापरावयाची ही वस्तू तेव्हापासून कलाकृती ठरली. हालचालीसाठी निर्माण झालेले चित्र स्थिर करून जपले असता त्याचे काय उरते, हा प्रश्न तिच्याबरोबरच उद्भवला. बंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेतील चर्मबाहुल्यांच्या संग्रहात तोच प्रश्न अधिक जुन्या परंपरेच्या संदर्भात भेटतो. आणि तेथे तो मराठीचाही प्रश्न होतो.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे एक संस्थापक एम. एस. नंजुंड राव यांनी कर्नाटकातील कलावंत कुटुंबांकडून या बाहुल्या मिळविल्या. ‘तोगलु गोंबेआट’ या छायानाट्यासाठी कातडे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ करून त्यावर आकृती रेखाटली जाते, छिद्रे पाडली जातात व रंग भरले जातात. कर्नाटकी बाहुल्यांपैकी कित्येकींना सांधे थोडेच असतात. कधी एकाच कातड्यावर अनेक पात्रांचा संपूर्ण प्रसंग असतो. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी निरनिराळ्या बाहुल्या असतात. त्यामुळे सुटी बाहुली हा कथेचा केवळ एक क्षण ठरतो. दोन क्षणांमधील अंतर भरून काढतात ते दिव्याचा उजेड, सूत्रधाराचा हात आणि गायन.

हे गायन-निवेदन कन्नडमध्ये होते. ते करणारा किळ्ळेक्यात (शिळ्ळेक्यात) समाज मात्र घरात मराठीची एक बोली बोलतो. आंध्रातील आरे व तमिळनाडूतील मंडीकर या छायानाट्य करणाऱ्या समाजांतही मराठी बोली आढळते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चर्मबाहुल्या व चित्रकथी या दोन्ही कला मराठीतून सादर करतात. रामायण-महाभारताच्या प्रादेशिक आविष्कारांचा तौलनिक अभ्यास बहुधा प्रयोगाच्या भाषेवर आधारलेला असतो. येथे प्रयोगाची भाषा एक व घराची दुसरी आहे. प्रदेश, कथा व पात्र यांनुसार होणाऱ्या संग्रहालयीन वर्गीकरणात ही दुसरी भाषा सहज अदृश्य होते.

संग्रहाच्या कल्पनेला छेद देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जीर्ण बाहुल्या पाण्यात विसर्जित करण्याची परंपरागत प्रथा. बाहुलीचे आयुष्य प्रयोगक्षमतेशी बांधलेले असल्याने तिला अंत आहे, आणि तो विधिपूर्वक व्हावा, असे ही प्रथा सुचविते. संग्रहालय तो अंत नाकारते. त्यामुळेच जुन्या रेखाटनशैली अभ्यासकांसमोर टिकल्या, हे ऋण मान्य करावेच लागते. परंतु जे वाचले ते चित्र आहे, प्रयोग नव्हे.

यावर दोन घटना प्रकाश टाकतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. तेथे चित्रे कथेकऱ्याच्या घरातच राहिली. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कोप्पळ जिल्ह्यातील वयोवृद्ध कलावंत भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये हाच सन्मान लाभला. बंगळुरूच्या भिंतीवरील बाहुलीला जो आवाज नाही, तो अशा कुटुंबांपाशी आहे. त्यांची कन्नड पदे आणि घरातली मराठी बोली यांचे ध्वनिमुद्रण व नोंद हा बाहुलीच्या नोंदीचाच भाग मानला, तरच संग्रह पूर्णत्वाच्या जवळ जाईल. कातडे शतकभर टिकते. बोली मात्र दोन पिढ्यांतही संपू शकते.