फोर्ट स्टिकिन आणि चारकोल रंगाचे शर्ट

मुंबईच्या गोदीतला १९४४ चा स्फोट आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा सोन्याच्या विटांमुळे. (आकाशातून वीट येऊन घरात पडली, ही गोष्ट ज्याच्या त्याच्या आजोबांकडे वेगळी असायची!) मला मात्र त्या जहाजावरच्या मालाच्या यादीचं जास्त कुतूहल आहे. धंदाच तसा आपला. याद्या वाचणारे प्रोग्रॅम लिहायचे.

तर यादी बघा. 'फोर्ट स्टिकिन' २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय विमानं आणि सोनं. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या ८७०० गासड्या, वंगणाचं तेल, लाकूड, गंधक, राळ, माशांचं खत असं काय काय चढलं. कप्तान नाइस्मिथने हरकत घेतली होती. पण युद्धकाळ, जागा वाया कशी घालवायची? १२ एप्रिलला जहाज मुंबईत आलं, व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा लावलाच नाही. १४ तारखेला दुपारी कापूस असलेल्या खणातून धूर येऊ लागला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा वेगवेगळा सांगतात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की यादी खोटी नव्हती. कापूस हा कापूस म्हणूनच लिहिला होता. दोन्ही एकाच खणात असू नयेत, एवढं सांगणारी अट दोन ओळींत लिहिता येते.

तशी अट पुढे जगाने लिहिलीसुद्धा. १९६५ साली सागरी वाहतुकीसाठी 'आयएमडीजी कोड' आला. धोकादायक मालाचे ९ वर्ग, प्रत्येक पदार्थाला ४ आकडी यूएन नंबर, आणि कुठला वर्ग कुणापासून किती लांब ठेवायचा याचा तक्ता. प्रोग्रॅमरला यापेक्षा सोपं काय हवं? तक्त्यात बघा आणि नाही म्हणा.

पण नंबर लिहितो कोण? माल पाठवणारा! धोकादायक म्हटलं की भाडं जास्त, कागद जास्त, आणि काही कंपन्या माल घेतच नाहीत. मग कॅल्शियम हायपोक्लोराइट नुसतं 'ब्लीचिंग पावडर' होतं, किंवा 'क्लीनिंग एजंट'. हा पदार्थ तापला की आपणहून विघटन पावतो, वर प्राणवायू सोडून आग भडकवतो. जहाजावर तो बॉयलरशेजारी ठेवला गेला तर कुणाला कळणार?

इथे अल्गोरिदम आला. जर्मनीच्या हापाग-लॉइडने 'कार्गो पेट्रोल' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. ते बुकिंगच्या मजकुरात संशयास्पद शब्द शोधतं आणि मग तज्ज्ञ माणूस ते प्रकरण तपासतो. २०१४ मध्ये त्यांना चुकीच्या नोंदीची २६२० प्रकरणं सापडली. एकाच कंपनीची!

शब्द शोधणं सोपं वाटतं. 'चारकोल' शोधा, कोळसा आपोआप पेट घेऊ शकतो. पण चारकोल रंगाचे शर्टही त्यात येणार. गाळणी सैल केली तर कोळसा सुटतो, घट्ट केली तर तपासनीस दिवसभर शर्ट तपासतो आणि संध्याकाळी खरा कोळसाही डोळे मिटून पास करतो. त्यावर एक उपाय म्हणजे कस्टम्सच्या एचएस कोडशी ताडून पाहणं. २८२८.१० म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. वर्णनात 'साबण' आणि खाली हा कोड, तर पकडलाच! मात्र एचएस कोड जन्मला कर आणि आकडेवारीसाठी. काय पेटेल, काय फुटेल, हे सांगणं त्याचं कामच नाही. भारतीय कस्टम्सनेही २००५ मध्ये रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम आणली. पण कस्टम्सचा संगणक मुख्यतः बुडवलेली ड्यूटी आणि चोरटा माल शोधतो, आणि आयातीच्या मालाचं बिल ऑफ एंट्री त्याच्यापुढे येतं तोवर जहाज बहुतेक वाट कापून आलेलं असतं. चाळणी लावायची तर बुकिंगलाच, कंटेनर चढायच्या आधी.

९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावा शेवाला येणारं 'वान हाय ५०३' केरळच्या किनाऱ्यासमोर पेटलं. जाहीर झालेल्या यादीत धोकादायक म्हणून नोंदलेले शंभरावर कंटेनर होते. जहाजावरचे २२ जण. १८ वाचले, ४ बेपत्ता झाले.