धुण्यातून आलेला आजार

आज आम्ही एक धुण्याची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लंडनची आहे, पण धुणं तुमच्या-आमच्यासारखंच.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड. तो कापसासारखा पिंजता येतो आणि जळत नाही. म्हणून त्याचे दोर, कापड, पत्रे होऊ लागले. इंग्लंडात रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची बाई त्याचं सूत काढायची. १९२४ साली, ३३व्या वर्षी ती वारली. धुळीनं फुप्फुसं निकामी झाली होती. मालकानं भरपाई दिली नाही.

पुढं १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर वॅगनर आणि त्यांच्या सोबत्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचे ३३ रुग्ण जगापुढं मांडले. त्यातले कित्येक खाणीत उतरलेच नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहिले, एवढंच.

मग १९६५ साली लंडनमध्ये म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन यांनी एका मोठ्या इस्पितळातल्या अशा ७६ रुग्णांची माहिती काढली. (दोघीही बायाच, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.) ३१ जण अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलेले निघाले. आणखी ९ जणांनी ते काम कधी केलं नव्हतं, पण घरातलं कुणीतरी करत होतं. त्यांत सगळ्यात जास्त दिसली ती नवऱ्याचे कामाचे कपडे धुणारी बायको. कपडे झटकायचे, भिजवायचे, घासायचे. झटकताना उडणारी धूळ नाकात जायची. आजार उठायचा २०, ३०, ४० वर्षांनी. तोवर ते धुणं कुणाच्या लक्षात राहणार?

"काय काम करता?" असं विचारलं की आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." या दोघींनी तेवढ्यावर वही मिटली नाही. घरात कोण काय काम करतं, कुठं राहत होतात, हेही विचारलं. उरलेल्यांपैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले निघाले.

ब्रिटननं १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडं अजून नाही. घरावरचे, गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे पुष्कळदा त्याचेच असतात. धड पत्रा गप्प बसतो. फोडला, कापला, घासला की धूळ सुटते. तुटलेला पत्रा हलवायचा झाला तर आधी पाणी मारा, तुकडे कोरड्या झाडूनं लोटू नका, पोरांना लांब ठेवा. आणि पत्र्याचं काम करून आलेल्या माणसाचे कपडे न झटकता, तसेच पाण्यात बुडवा.