नोकरीतील वयाची अट : कर्जत-खालापूरच्या कामगाराला काय करता येईल?

खोपोली परिसरातल्या कारखान्यातून कमी केलेला, कर्जत किंवा खालापूरला राहणारा पंचेचाळिशीतला कामगार दुसरीकडे अर्ज करतो, तेव्हा अनेकदा जाहिरातीतली ‘वय 18 ते 30’ ही ओळच आडवी येते. खासगी नोकरीत अशी अट घालायला सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. सरकारी नोकरीत भेदभाव रोखणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 16(2) मध्येही धर्म, जात, लिंग वगैरे आहेत, वय नाही.

जुन्या मालकाबाबत मात्र एक हक्क आहे. औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 72 नुसार, कामगार कपातीनंतर वर्षभरात मालकाने पुन्हा भरती केली, तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यावी लागते. या कलमात वयाची अट नाही. पण स्वतःहून राजीनामा दिला तर ती कपात ठरत नाही. ‘सही करा, हिशेब लगेच मिळेल’ म्हणून पुढे केलेला कागद त्यामुळे आधी नीट वाचावा आणि कपातीचे पत्र जपून ठेवावे.

नव्या ठिकाणी अर्ज करताना जन्मतारखेआधी चालवलेली यंत्रे आणि बॉयलर अटेंडंटसारखी प्रमाणपत्रे लिहावीत. साठी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारचे ‘सेक्रेड’ पोर्टल 2021 मध्ये सुरू झाले.